डब्याची ओ

१

मंगळवारी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी डबा मुका झाला. वेळ एवढी पक्की कशी, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत तीच उमटली होती. खाली इंग्रजीत एक ओळ. प्रतिक्षा सातवीपर्यंत शिकलेली. त्या ओळीतलं 'नॉट फाउंड' तेवढं तिला कळलं. सापडत नाही.

आणि डबा तर हाताच्या अंतरावर, टेबलावरच बसलेला.

हा डबा म्हणजे रेडिओच, पण गाणी न लावणारा. नागपूरची एक संस्था तलावावर उतरणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास करत होती. पक्ष्यांच्या पाठीवर चिंचोक्याएवढी यंत्रं बसवलेली, ती टिकटिक करायची; छतावरचा एरियल ती ऐकायचा, आणि हा वहीएवढा काळा डबा ऐकलेलं सगळं एका निळ्या तारेतून कॉम्प्युटरला पोचवायचा. साकोलीपासून नऊ किलोमीटरवरच्या त्या गावात तलावाला लागून स्लॅबचं घर एकच, म्हणून डबा इथं आला. दोन हजार बावीसचा नोव्हेंबर होता. नवरा विनोद पुण्याकडे कंपनीत. घरात प्रतिक्षा, सासू मनकर्णाबाई आणि अडीच वर्षांची लेक कचरी. धानाच्या खोलीत, धान साठवायच्या बांबूच्या उंच ढोलीच्या बाजूला टेबल मांडलेलं. सकाळ-दुपार डब्याची हिरवी लाईट बघायची आणि काही बिघडलं तर नागपूरला अंकुश सरांना फोन लावायचा, एवढंच प्रतिक्षाचं काम.

कचरी खोकल्यानं तीन रात्री झोपली नव्हती, म्हणजे प्रतिक्षाही झोपली नव्हती. पोर कमरेवर, डाळ गॅसवर, फोन खांद्यात दाबलेला.

"अंकुश सर, मी प्रतिक्षा बोलून राहिली. डबा सापडत नाही म्हणते."

"चोरीले गेला का ताई?"

"नाही जी. मले दिसून राहिला. कॉम्प्युटरले नाही दिसत."

"मग कॉम्प्युटरले चष्मा लावा लागते," अंकुश सर हसले. पंचविशीतला माणूस, सगळ्यावर हसायचा. "निळी तार काढा, दहा मोजा, परत लावा."

तिनं काढली, मोजले, लावली. काही नाही.

"बरं, आता त्याले हाक मारू. मी सांगतो ते टाइप करा. डबा जिवंत असला तर ओ देते. चार सेकंदांत ओ नाही आली तर कॉम्प्युटर लिहिते, वेळ संपला."

चार हाका गेल्या. चारही वेळा वेळ संपला.

"नंबर बदलला असन त्याचा. असं होते. आपण नंबर सोडून देऊ, डब्याले नावच देऊ. मग नावानं हाक मारायची."

"काय नाव देऊ?"

"काहीही. पण दुसऱ्या कोणाचं नसलं पाहिजे. पवनीकडे आपल्या माणसानं डब्याचं नाव राजा ठेवलं, अन् त्याच्या साळ्याच्या मोबाईलचंही नाव राजा निघालं. दोन दिवस आम्ही साळ्याचा मोबाईल दुरुस्त करून राहिलो होतो."

दुसऱ्या कोणाचं नसलेलं नाव. प्रतिक्षाचं डोकं चालेना. मोना गावात तीन होत्या, पिंटू तर गल्लीला एक. डाळ लागल्याचा वास आला. आणि जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं एक नाव तिला ठाऊक होतं. तिनं ते एका बोटानं टाइप केलं.

"काय ठेवलं?"

"ठेवलं एक."

पहिली हाक गेली. वेळ संपला. दुसरी. तिसरी. चौथ्या हाकेला ओ आली.

"आली जी! पुढे आकडा आहे. तीन हजार नऊशे साठ."

"हजार म्हणजे एक सेकंद. लयच उशिरा आली, तलावाच्या पलीकडून आल्यासारखी. एका खोलीत तर आकडा एकाच्या आत पाहिजे. पण आली ना? जिवंत आहे. हाक बंद नका करू, रात्रंदिवस चालू राहू द्या. किती सुधरते पाहू. मी पुढच्या शनिवारी येतो."

डब्यावरची हिरवी लाईट लागलेलीच नव्हती. ते सांगायचं राहिलं. डाळ करपली होती.

२

त्या नावाचं असं होतं.

कचरीच्या आधी प्रतिक्षाची दोन लेकरं गेली. पहिलं अकराव्या दिवशी, दुसरं आठ महिन्यांचं होऊन. तिसरी झाली तेव्हा मनकर्णाबाईंनी कोणाचं ऐकलं नाही. पोर सुपात घातली, सूप उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या रुखमिणीनं ते उचललं, आणि मनकर्णाबाईंनी पाच मुठी कोंडा देऊन तिच्याकडून पोर विकत घेतली. विकतची, उकिरड्यावरची पोर. तिच्यावर कोण नजर टाकतो? नाव कचरी. आधार कार्डावरसुद्धा कचरीच.

खरं नाव आत्यानं बारशाला कानात सांगितलं. ते आत्या, आई आणि आजी या तिघींनाच माहीत, बापालाही नाही. पोर पाच वर्षांची होईपर्यंत त्या नावानं तिला हाक मारायची नाही, असं ठरलेलं. म्हणून ते इथंही लिहीत नाही.

प्रतिक्षाला हे सगळं पटत होतं असं नाही, आणि नव्हतं असंही नाही. दोन लेकरं गेलेल्या बाईला न पटून चालत नाही. त्या दुपारी तिनं मनाशी म्हटलं, टाइप करणं म्हणजे काही बोलणं नाही. डाळीचं भांडं घासताना एकदा आणखी म्हटलं.

३

खोलीत कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरायचा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी चढत राहायच्या. हाक, ओ, आकडा. हाक, ओ, आकडा. बुधवारी आकडा तीन हजार सहाशेवर आला. गुरुवारी तीन हजार शंभर. येता-जाता प्रतिक्षा आकडा बघायची.

"घरच्या म्हातारीले दिवसातून एकदा नाही इचारत, जेवली का म्हणून," मनकर्णाबाई बांधीवरून धान कापून आल्या की दारातूनच सुरू व्हायच्या. "अन् त्या डब्याले हजारदा पुसते, हायेस का, हायेस का."

"मामी, तो ओ तरी देते," प्रतिक्षा म्हणायची. सासूला ती मामी म्हणायची. "तुम्हाले पुसलं तं तुम्ही गुडघ्याचं सांगता."

शुक्रवारी फोनवर अंकुश सर खूश होते. "अडीच हजार? वा! सुधरून राहिलं. पक्ष्यांचं अजून काही येऊन नाही राहिलं, पण ओ येते ना, मग तार ढिली असन. चालू ठेवा."

त्या संध्याकाळी प्रतिक्षानं मुरमुऱ्याची वाटी हातात घेऊन अंगणात हाक मारली, "कचरे!"

एरवी कचरी हाक पुरी व्हायच्या आधी "ओ" करायची. लांबवून, गळा काढून, गल्लीतल्या बाया हसायच्या. आज पोर कापून रचलेल्या धानाच्या ढिगाशी, पुंजण्यापाशी पाठमोरी बसलेली. मान हलली नाही. मग, प्रतिक्षा दुसऱ्यांदा हाक मारणार एवढ्यात, आली. "ओ."

खेळात असेल, असं तिला वाटलं.

४

शनिवारी तसंच, आणि रविवारी त्याहून उशीर. मनकर्णाबाई म्हणाल्या, "कानात मळ असन." तेल घातलं. सोमवारी प्रतिक्षा पोरीला घेऊन साकोलीला दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितली, मागून चुटकी वाजवली. कचरीची मान वळली, पण डॉक्टर पेन उचलून लिहायला लागल्यावर.

"कान चांगले आहेत. लक्ष कुठं तरी असते तिचं. तुम्ही किती झोपता?"

"झोपते जी."

"नाही झोपत," डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या प्रतिक्षालाच दिल्या.

रात्री विनोदचा फोन आला. तोही तेच म्हणाला. "तुले झोप नाही, म्हणून तुले असं वाटते. दोन दिवस डब्याकडे पाहूच नको."

असेल बापा, असं तिनं म्हटलं. थकलेल्या माणसाला घड्याळ हळू चालल्यासारखं वाटतं, हे तिला माहीत होतं. म्हणून मंगळवारी सकाळी तिनं मनाचं न ऐकता मोबाईलवरचं मोजायचं घड्याळ लावलं. "कचरे!" आणि बटण दाबलं. "ओ" आली तेव्हा परत दाबलं. दोन सेकंद आणि वर शंभरातले नव्वद.

मग सहज म्हणून धानाच्या खोलीत जाऊन तिनं पडद्यावर बघितलं. एक हजार शंभर.

दुपारी पोरीचे तीन सेकंद चाळीस. डब्याचे सहाशे.

सातवीपर्यंतची बेरीज येत होती तिला. येत नसती तर बरं झालं असतं. दोन्ही वेळा मिळून चार सेकंदच भरत होते. डब्याचं जेवढं कमी होत होतं, तेवढं पोरीचं वाढत होतं.

दारात बसून ती किती तरी वेळ कचरीकडे बघत राहिली. पोर अंगणात होती, दहा पावलांवर. खाणं नेहमीचं, हसणं नेहमीचं. फक्त हसूसुद्धा जरा मागून यायचं, गंमत होऊन गेल्यावर.

५

गुरुवारी दुपारी प्रतिक्षानं निळी तार उपसली.

आधी डब्याकडची. मग कॉम्प्युटरकडची. हातभर तार गुंडाळून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसली. डबा आता कशालाच जोडलेला नव्हता. पडद्यावर ओळी चढत होत्या. हाक, ओ, नऊ. हाक, ओ, सात. हाक, ओ, चार.

कॉम्प्युटरच्या डोक्यात जुनं साठून राहिलं असेल, असं तिला वाटलं. माणसाच्या डोक्यात नाही का राहत? तिनं अंकुश सरांना फोन लावला.

"तार काढल्यावर ओ येऊच शकत नाही ताई," ते पहिल्यांदाच हसले नाहीत. "त्याच नावाचं दुसरं कोणी असन."

"त्या नावाचं दुसरं कोणी नाही."

"असन जी. आसपास. नाव काय आहे? सांगा, मी इथून पाहतो."

परक्या माणसाला ते नाव कसं सांगायचं? नऊ दिवसांपूर्वी हे सुचलं असतं तर.

"परवा येताच ना तुम्ही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मागं मनकर्णाबाई उभ्या होत्या. विळा हातातच होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा वाचता येत होता.

"डब्याचं नाव काय ठेवलं तू?"

प्रतिक्षानं मांडीवरची तार टेबलावर ठेवली.

"तेच ठेवलं?"

"मामी, मी हाक नाही मारली. फक्त टाइप केलं. हाक कॉम्प्युटर मारते."

"किती खेपा मारली त्यानं?"

हाका थांबवल्या की कॉम्प्युटर शेवटी हिशोब लिहितो, किती गेल्या, किती परत आल्या. तिनं थांबवल्या. शेवटच्या ओळीत आकडा एकाहून कमी होता. त्याच्याखाली आलेला मोठा आकडा तिनं बोट ठेवून वाचला.

"दोन लाख एकसष्ट हजार."

मनकर्णाबाई ढोलीला टेकून खाली बसल्या. रागावल्या असत्या तर प्रतिक्षाला बरं वाटलं असतं.

"आपण एकदाही नाही मारली वो," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटर बंद झाल्यावर पंखा थांबला. इतके दिवस त्या घुरघुरीची सवय झालेली. आता खोलीत काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्यातही, कोणी तरी श्वास धरून बसावं, तसं होतं. दोघी बाहेर आल्या, दाराला कडी घातली. आत कोणाला तरी कोंडावं तशी कडी घातली, हे दोघींच्याही नंतर ध्यानात आलं.

६

शनिवारी अकरा वाजता अंकुश सर मोटारसायकलवरून आले. चांगलं ऊन पडलेलं. मनकर्णाबाई चहा करत होत्या. धानाच्या खोलीच्या खिडकीतून अंगण दिसत होतं, पुंजण्यापाशी कचरी वाटीत माती भरत होती.

अंकुश सरांनी पेचकसानं डब्याचं झाकण काढलं आणि नाकाला रुमाल लावला. आत सगळं काळं होऊन वितळून बसलेलं. कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, तेही वाळून गेलेलं.

"हा तं जळला ताई. आज-काल नाही, केव्हाचाच." त्यांनी कॉम्प्युटर चालू करून काही तरी जुनं उघडलं. "हे पहा. गेल्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार, दोन सतरा. त्याच्यानंतर हा डबा एक अक्षर बोलला नाही."

"मग ओ कोण देत होतं?"

"तेच पाहून राहिलो." त्यांनी नावांची यादी उघडली. एकच नाव होतं तिच्यात. प्रतिक्षा पुढे झाली, "सर, ते वाचू नका, नुसतं पुसून टाका," असं म्हणायला. पण ती "सर" म्हणेपर्यंत त्यांनी वाचलं होतं. मोठ्यानं. शेवट उंचावून, कोणाला विचारावं तसं. ते नाव त्या घरात माणसाच्या तोंडून असं उघड आलं ते पहिल्यांदाच.

"ओ!"

लगेच आली. नाव पुरं व्हायच्या आधी. लांबवून, गळा काढून, कचरी पूर्वी द्यायची तशीच. ढोलीच्या मागून आली.

अंकुश सर हसले. "अरे, पोरगी इथं लपून आहे होय?" आणि वाकून ढोलीमागं बघायला लागले.

प्रतिक्षानं खिडकीकडं बघितलं. कचरी अंगणात होती. पाठमोरी. वाटी तशीच धरलेली. प्रतिक्षा आपोआप मोजायला लागली. एक. दोन. तीन. आणि चार म्हणायच्या जरासं आधी पोरीची मान हळूहळू वळली, आणि तलावाच्या पलीकडून यावी तशी बारीक, "ओ."

मग तिनं ढोलीकडं बघितलं. ढोलीच्या कडेला चार बोटं होती. लहान. लपाछपी खेळणारं लेकरू धरतं तशी धरलेली, कोंड्यानं माखलेली. धानाची ढोली, कोंडा असणारच. पापणी लवली आणि ती नव्हती.

अंकुश सर सरळ झाले. ते प्रतिक्षाकडं बघेनात. त्यांनी खिडकीतून अंगणात बघितलं, परत ढोलीकडं बघितलं, आणि पेचकस शर्टाच्या खिशात ठेवला.

"काय दिसलं जी?" प्रतिक्षानं विचारलं.

"पुसतो मी नाव," ते म्हणाले. पुसलं. डबा, तारा, एरियल, सगळं पोत्यात भरलं. चहाला थांबले नाहीत. जाताना मोटारसायकल गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली आणि तिथं चालू केली. घरापाशी आवाज करायचा नव्हता त्यांना. त्यानंतर त्यांचा फोन लागत नाही.

७

नाव पुसून आता चौथा महिना. धानाची खोली मोकळी केली, ढोली मोडली. मागं भिंत होती आणि भिंतीला काहीच नव्हतं. प्रतिक्षाला झोपेच्या गोळ्यांनी झोप येते. तरीही दिसायचं ते दिसतंच, म्हणून आता झोपेला दोष देता येत नाही.

घरात दोघी पोरीला हाक मारत नाहीत. काम असलं की उठायचं, जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मग बोलायचं. असं केलं की कचरी लगेच बघते, लगेच हसते, आईच्या गळ्यात पडते. दिवसातून पन्नासदा उठावं लागतं. प्रतिक्षाचे गुडघे आता मनकर्णाबाईंसारखे बोलायला लागले आहेत. पण हाक मारली, कोणीही, कुठल्याही नावानं, अगदी कचरी म्हणून, तर पोर थोडी आणखी लांब जाते. परवा पोलिओवाल्या बाईंनी फाटकातून सहज हाक मारली. घरातून "ओ" ताबडतोब आली, त्या बाई आत येऊन, ओ देणाऱ्या लेकराला औषध पाजायला वाकल्याही होत्या, आणि प्रतिक्षा विहिरीवरून धावत आली, कचरी तिच्या कडेवरच होती. बाईंच्या हातातली बाटली फुटली. त्या दिवशी कचरीला नजर वळवायला किती वेळ लागला, ते प्रतिक्षानं मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. साकोलीकडून तलावाच्या रस्त्यानं कोणी जाणार असेल, पाहुणा असो, कपडे विकणारा असो, मतदार यादीवाला असो, त्याला सांगा. निळ्या फाटकाच्या घरासमोर लेकराला हाक मारू नका. आत या, पाणी प्या, जवळ जाऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवा. चुकून हाक गेलीच आणि घरातून लगेच ओ आली, तर तिकडं बघू नका, जिथं आहात तिथंच उभे राहा. लगेच ओ देते ती आमची नाही. आमची मागून येते, तिला वेळ लागतो, तिच्यासाठी थांबा. ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे सांगा. आसगावला सांगा, करडीला सांगा, बसमध्ये बाजूला बसलेल्यालाही सांगा. फक्त सांगताना आवाज मोठा करू नका.